कळपाची कैफियत

परदेशी गेल्यावर गटाने एखादा समुद्रकिनारा एका दिवसात पाहून सायंकाळी हॉटेलवर परतणाऱ्या माणसांची टवाळी करणे, हा अलीकडे सुशिक्षित मराठी संभाषणातला एक मान्य दस्तूर होऊन बसला आहे. थायलंडमधील फुकेत किंवा क्राबी येथून सकाळी स्पीडबोटीने निघणारी, मनगटावर रंगीत पट्टी बांधलेली, गाइडने उंच धरलेल्या निशाणामागे चालणारी ही मंडळी प्रवासी नव्हेतच, ती एक टोळधाड आहे. खरा प्रवासी एकटा जातो, सावकाश जातो, आडवाटेने जातो आणि जेथे कोणी जात नाही तेथे जातो. असा या पक्षाचा सिद्धान्त. त्याच्या पुष्ट्यर्थ जो दाखला हटकून रुजू केला जातो तो फी फी ले बेटावरील माया बे या चिमुकल्या किनाऱ्याचा. सहलींच्या झुंडींनी तेथील पोवळी मारली, पाणी गढूळ केले, आणि अखेर सरकारला किनारा बंद करावा लागला. तेव्हा गटाने जाण्याची ही रीतच मुळात रानटी आहे, असा त्यावरून निकाल दिला जातो. माझे म्हणणे एवढेच, की हा दाखला फिर्यादीने नीट वाचलेला नाही. तो वाचला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात पहिली जागा त्याला स्वतःलाच घ्यावी लागेल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फी फी ले हे अंदमान समुद्रातील चुनखडकाचे बेट. भोवती ताठ उभे कडे, वस्ती जवळजवळ नाही, आणि एका बाजूस ‘व्हायकिंग केव्ह’ म्हणून ओळखली जाणारी गुहा, जिच्यातून पाकोळ्यांची खाण्यायोग्य घरटी काढण्याचा मक्ता दिला जातो. (याच कुळातील पाकोळ्या आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतही घरटी करतात आणि तेथेही त्या घरट्यांवर चोरांचा डोळा असतो, पण ते असो.) १९८३ पासून हा टापू राष्ट्रीय उद्यानात मोडतो; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तेथल्या वाळूच्या कणाचीही जबाबदारी सरकारवर आहे. कड्यांच्या कवेत दडलेला माया बे हा या बेटाचा सर्वांत सुंदर भाग होता, आणि सौंदर्यापेक्षाही त्याच्या या दडलेपणाने त्याचा घात केला.

ब्रिटिश लेखक अलेक्स गार्लंड यांची ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ साली प्रसिद्ध झाली. पाठीवर पिशवी टाकून आशियात भटकणाऱ्या तरुणांची ती कथा. सामान्य पर्यटकांचा या तरुणांना मनस्वी तिटकारा आहे, त्या तिटकाऱ्यापोटीच ते एका नकाशाच्या आधारे एक गुप्त किनारा शोधून काढतात, आणि त्याचा पत्ता बाहेर फुटू नये म्हणून अखेर रक्तपातापर्यंत मजल जाते. या कादंबरीवरील चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी डॅनी बॉइल यांनी १९९९ मध्ये माया बे निवडला, आणि निसर्गाने घडवलेला किनारा स्वर्ग म्हणून दाखवण्यास उणा पडतो असे वाटल्यामुळे तेथील वाळूचे उंचवटे यंत्रे लावून सपाट करण्यात आले, वाळू धरून ठेवणारी झुडपे उपटली गेली आणि बाहेरून आणलेले माड लावले गेले. वनखात्याची यास मुभा होती. क्राबीतील स्थानिक संस्थांनी फिर्याद गुदरली. २००६ साली थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाची हानी झाल्याचा निष्कर्ष कायम केला. आणि त्या कज्ज्याचे शेवटचे धागेदोरे २०२२ पर्यंत लोंबकळत राहिले. चित्रपट २००० साली पडद्यावर आला, लिओनार्डो डिकॅप्रिओचा चेहरा आणि त्या निळ्या पाण्याची चित्रे जगभर भिंतींवर लागली, आणि सहलींच्या बोटींचा खरा पूर त्यानंतर लोटला.

हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. वाळूवर पहिला मोठा आघात कोणा गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाने केलेला नाही, गाइडच्या निशाणामागून चालणाऱ्या कोणीही केलेला नाही. तो ‘अस्पर्श’ किनाऱ्याच्या वेडाने केला, आणि ते वेड एकट्या भटक्याचे होते. जेथे इतर लोक नाहीत अशी जागा हवी, ही मागणी वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु ती मागणी करणारा मनुष्य स्वतःला ‘इतर लोकां’त धरत नाही, हे तिचे मर्म आहे. तो जातो, राहतो, परत येतो आणि आपल्या एकांताचे वर्णन चार जणांत करतो, कारण वर्णन केल्याशिवाय त्या एकांताला बाजारात किंमत येत नाही. त्याच्या मागून दहा जण जातात, त्या दहांसाठी खानावळ निघते, खानावळीसाठी धक्का बांधला जातो, आणि धक्का झाला की सहलीची बोट येते. बोटीच्या आगमनाने त्याला संताप येतो. आपणच आणलेल्या पाहुण्यांनी घर बाटवले म्हणून तो ओरडत सुटतो, आणि पुढच्या बेटाकडे वळतो.

माया बेला नेमके काय झाले होते, तेही पाहू, कारण ‘झुंडींनी मारले’ हे वाक्य ऐकायला सोपे असले तरी त्यात कारणमीमांसा नाही. बंदीपूर्वी त्या किनाऱ्यावर गर्दीच्या दिवसांत पाच हजारांपर्यंत माणसे आणि दोनशेपर्यंत बोटी येत असत. बोट थेट वाळूपर्यंत येई. तिचा नांगर पोवळ्यांवर पडे, तिच्या पंख्याने ढवळलेली वाळू पोवळ्यांवर बसून त्यांचा प्रकाश अडवी, आणि इंजिनाचे तेल पाण्यात मिसळे. माणसांची पावले आणि अंगाला चोपडलेली मलमे यांचा दोष मी नाकारीत नाही. त्या मलमांतील काही रसायने पोवळ्यांना अपायकारक ठरल्याने थायलंडने २०२१ साली सागरी उद्यानांत त्यांवर मनाई केली, आणि ते योग्यच झाले. परंतु मुख्य घाव नांगराचा आणि पंख्याचा होता. बोट कोठवर न्यावी, नांगर कोठे टाकावा आणि एका वेळी किती बोटींना प्रवेश द्यावा, हे प्रवाशाने ठरवायचे नसते, ज्याच्या हाती परवाना देण्याचा अधिकार असतो त्याने ठरवायचे असते. त्याने कित्येक वर्षे ठरवले नाही, कारण प्रवेशशुल्काचा महसूल दररोज जमा होत होता.

मग हुकूम निघाला. १ जून २०१८ रोजी माया बे चार महिन्यांसाठी बंद करण्यात आला. चार महिने अपुरे आहेत असे ठरल्यावर मुदत बेमुदत झाली. पाण्यात पोवळ्यांचे हजारो तुकडे लावण्यात आले. थोड्याच काळात काळ्या परांच्या मुशी उथळ पाण्यात पिल्लांसह फिरू लागल्या. पुढे कोरोनाच्या साथीच्या वर्षांनी बंदीला हातभार लावला, आणि १ जानेवारी २०२२ रोजी किनारा पुन्हा उघडला तेव्हा त्याची व्यवस्था मुळापासून बदलली होती. आता एकही बोट माया बेच्या पाण्यात शिरत नाही. ती बेटाच्या पाठीमागे लो समाह या बाजूस तरत्या धक्क्याला लागते. तेथून फळ्यांच्या वाटेने झाडीतून चालत किनाऱ्यावर यावे लागते. एका वेळी ३७५ माणसे, आणि एका तुकडीला एक तास. पोहण्यास मनाई; पाय भिजतील इतक्याच पाण्यात उभे राहण्याची सवलत. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने किनारा दरवर्षी सर्वांना बंद.

आता विचारावेसे वाटते, की या नव्या व्यवस्थेत तेथे जातात कोण? तेच ते. फुकेतहून आणि क्राबीहून, स्पीडबोटीने, गटाने, एका दिवसापुरते, मनगटाला पट्टी बांधून. सहल बंद झालेली नाही, गट मोडलेले नाहीत, कोणाचेही हृदयपरिवर्तन झालेले नाही, प्रवासाच्या तत्त्वज्ञानावर कोणी प्रवचन दिलेले नाही. धक्का हलला, संख्या बांधली गेली, नांगर हद्दपार झाला, आणि बंदीच्या काळात परतलेल्या मुशी टिकल्या. गटाने जाण्याची रीत हेच जर रोगाचे कारण असते, तर ती रीत पुन्हा जशीच्या तशी सुरू होताच रोग उलटला असता. इतका सरळ पुरावा समोर असता जो मनुष्य अद्याप कळपाला शिव्या देतो, त्याला पोवळ्यांची काळजी आहे यावर विश्वास ठेवणे मला जड जाते.

उलट गटाला नियमाने बांधणे हे एकट्याला बांधण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. बोटीचा परवाना असतो, परवान्याला अट असते, अट मोडली तर परवाना जातो आणि त्याबरोबर मालकाचे पोट जाते. म्हणून मालक गाइडला दटावतो, गाइड चाळीस माणसांना एकदाच बजावतो, आणि चाळीस माणसे एकमेकांवर डोळा ठेवतात. मी अशा एका बोटीत बसलेलो आहे. धक्क्यावरच सर्वांची पादत्राणे एका टोपलीत जमा झाली होती, सर्वांना नारिंगी जीवरक्षक जाकिटे चढवली होती, आणि बोट लागू नये म्हणून गोळ्या वाटल्या जात असताना आमच्यातील दोन काकू त्याऐवजी आवळासुपारी वाटत होत्या. बोटीत बुलढाण्याकडील एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सहावारीवर ते जाकीट घालून त्या पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या, आणि लाटेवर बोट आपटे तेव्हा बाकीचे किंचाळत असता त्या केवळ चष्मा सावरीत. किनाऱ्यावर पोचल्यावर पाण्यात पुढे का जायचे नाही, हे त्यांनी गाइडला विचारले. त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत मुशीच्या पिल्लांची हकीकत सांगितली. त्यानंतरचा तासभर आमच्या तुकडीपैकी कोणाची छाती झाली नाही घोट्याच्या वर पाणी लावून घेण्याची. बाईंचा वर्गावरचा आवाज अजून शाबूत होता. त्याच वेळी एक एकटा तरुण, गळ्यात उत्तम कॅमेरा आणि चेहऱ्यावर उत्तम विरक्ती असलेला, कंबरभर पाण्यात उतरून कड्यांचे छायाचित्र घेत होता आणि उद्यानाचा रखवालदार शिट्टी वाजवून दमला होता. एका प्रसंगावरून सिद्धान्त बांधू नये, हे मला मान्य आहे. परंतु टोळधाडीचा सिद्धान्त बांधणाऱ्यांनी तो याहून अधिक प्रसंगांवर बांधला आहे, असे मला आजवर आढळलेले नाही.

या बाईंसारखी माणसे गटाने का जातात, हा प्रश्न टवाळखोरांना कधी पडत नाही. ज्याला इंग्रजी अस्खलित येते, पोहता येते, परक्या विमानतळावर चुकलेली पिशवी भांडून मिळवता येते आणि रात्री अनोळखी गावात उतरल्यास भीती वाटत नाही, त्याला एकांताचा प्रवास परवडतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर आयुष्य गेलेल्या, नवऱ्याच्या माघारी प्रथमच स्वतःच्या पैशाने बाहेर पडलेल्या बाईला तो परवडत नाही. तिला जेवणात काय असेल याची, स्वच्छतागृहाची, पासपोर्टाची आणि खोलीतल्या सोबतिणीची खात्री हवी असते, आणि ती खात्री देणारी व्यवस्था म्हणजेच ही सहल. आमच्या समाजात प्रवास ही फार काळ गटाचीच गोष्ट होती. पंढरीला दिंडी जाते, एकटा वारकरी क्वचितच. काशीयात्रेला लोक सोबत जमवून निघत. वरसईचे गोडसे भटजीसुद्धा १८५७ साली उत्तरेस गेले ते काकांच्या सोबतीने, आणि त्या सोबतीने त्यांची नजर काही मंदावली नाही, हे त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यास सांगावयास नको.

वस्तुतः ही टवाळी आमची नाही. ती उसनी आणलेली आहे, आणि ती ज्या बाजारातून आणली तेथे ती दीडशेहून अधिक वर्षे जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली. कारागीर, कारकून, त्यांच्या बायका. पुढे त्यांनी तशीच माणसे इटलीला नेण्यास आरंभ केला तेव्हा तेथे राहणाऱ्या इंग्रज उच्चभ्रूंचा जळफळाट झाला. ला स्पेझिया येथे ब्रिटिश वकिलातीचे काम पाहणारे कादंबरीकार चार्ल्स लीव्हर यांनी १८६५ साली टोपणनावाने ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात या प्रवाशांची यथेच्छ निंदा केली, आणि इटालियन लोकांत अशी हूल उठवली की ऑस्ट्रेलियाने नाकारलेले इंग्लंडचे कैदी आता या मिषाने इटलीत सोडले जात आहेत. कुक यांनी सरकारदरबारी तक्रार केली आणि आपल्या पत्रकात उत्तरही छापले. लीव्हर यांची अडचण उघड होती: फ्लॉरेन्समधील चित्रांसमोर उभे राहण्याचा हक्क आजवर ज्यांना नव्हता ते आता त्याच चित्रांसमोर, त्यांच्याच शेजारी, उभे राहू लागले होते. पोवळ्यांचा कैवार घेऊन बोलणाऱ्यांच्या स्वरात मला अनेकदा लीव्हरसाहेबांचा स्वर ऐकू येतो. फरक इतकाच की त्या काळी पर्यावरणाचे निमित्त उपलब्ध नव्हते.

‘पण एका तासात काय दिसते?’ हा आक्षेप मी फारसा गंभीर मानीत नाही. एका तासात माया बे दिसतो. तो आहेच तेवढा. तेथे महिनाभर राहणाऱ्यास त्याहून अधिक काही दिसते असे नव्हे, त्यास केवळ कंटाळा दिसू लागतो. थायी भाषा, थायी माणूस, क्राबीच्या मच्छीमार मुसलमान वस्त्यांचे जीवन हे एका दिवसात कळत नाही, हे खरे. परंतु ते शेजारच्या फी फी डॉन बेटावरील गल्लीत महिना काढून, इतर भटक्यांच्याच संगतीत रात्री जागवणाऱ्यांना कितपत कळलेले असते, हेही एकदा तपासून पाहावे.

गटाच्या सहलीला दोष नाहीत असे म्हणण्याइतका मी तिचा भाट नाही. दोष आहेत, आणि ते टवाळीच्या गलबल्यात झाकले जातात, ही माझी या टवाळीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार आहे. ५ जुलै २०१८ रोजी, म्हणजे माया बे बंद झाल्यानंतर पाचच आठवड्यांनी, फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही सहलीची बोट वादळात बुडाली आणि ४७ चिनी प्रवासी प्राणास मुकले. खराब हवेचा इशारा दिला गेला होता. पावसाळ्यातील अंदमान समुद्र हा खेळ नव्हे, हे कोकणच्या माणसास सांगावे लागत नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर काढत नाहीत त्या उगाच नव्हे. तरी त्या मोसमात सवलतीच्या दराने सहली विकल्या जातात आणि आपली माणसे त्या घेतात. बोटीत किती जण बसवले, प्रत्येकाच्या मापाचे जाकीट आहे काय, हवा बिघडल्यास फेरी तहकूब करून पैसे परत मिळतील काय, तांडेलाचा दिवसाचा रोज किती: हे प्रश्न विचारण्याचे आहेत, आणि ते एकट्या प्रवाशापेक्षा चाळीस जणांचा गट अधिक जोराने विचारू शकतो. तसे तो विचारीत नाही, कारण आपण करतो आहोत ते थोडे लाजिरवाणे आहे असे त्याच्या मनावर शहाण्या लोकांनी बिंबवले आहे, आणि लाजलेला मनुष्य हिशेब मागत नाही.

राहिली ती आडवाटेच्या किनाऱ्यांची शिफारस. माया बेची गर्दी टाळून दक्षिणेकडे सातून प्रांतातील लिपे बेटावर जावे, तेथे अजून सहलीवाले फारसे पोचलेले नाहीत, असा उपदेश मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. लिपे हे माया बेप्रमाणे निर्मनुष्य नाही. तेथे उराक लावोई या समुद्रावर जगणाऱ्या जमातीची वस्ती आहे. १९०९ च्या सुमारास सयाम आणि ब्रिटिश मलाया यांची सरहद्द आखली जात असता बेट सयामचे ठरावे म्हणून सयामी अंमलदारांनी त्यांना तेथे वसविण्यास उत्तेजन दिले. त्या लोकांपाशी जमिनीचे कागद बव्हंशी नव्हते. प्रथम एकटेदुकटे भटके आले, त्यांच्यासाठी झोपड्या उठल्या, झोपड्यांच्या जागी विश्रामगृहे आली, किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आला, आणि भाव येताच कागदांचे धनी निर्माण झाले. नांगर हलवून आणि ताशी संख्या बांधून सुटावा असा हा प्रश्न नव्हे, कारण येथे मोडले गेले ते पोवळे नसून वहिवाट आहे. २०२२ च्या अखेरीस अशाच एका धन्याने शाळेकडे जाणारी वाट अडवली तेव्हा रहिवासी आणि मुले निषेधास उभी राहिली, प्रकरण राजधानीपर्यंत गेले आणि सरकारला चौकशी बसवावी लागली. ती वाट अडवणारे कुंपण कोणा सहलीच्या बोटीतून उतरलेले नव्हते.